गोदाकाठची हिरवी साय: उपग्रह, मोबाइल आणि घाटावरची पाटी

धरणाच्या काठावर कुणी हिरवा ऑइलपेंट सांडून गेल्यासारखी साय दिसली, की "शेवाळ आलंय" एवढे म्हणून आपण पुढे जातो. बहुतेक वेळा ते साधे शेवाळच असते आणि त्याने काही बिघडत नाही. पण मायक्रोसिस्टिस, ॲनाबीना, प्लँक्टोथ्रिक्स यांसारख्या नील-हरित सूक्ष्मजीवांची दाटी झाली असेल, तर त्या सायीत यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषे असू शकतात. अंगावर पुरळ, डोळ्यांची आग, उलट्या, जुलाब ही माणसांतली नेहमीची लक्षणे. काठावरचे पाणी पिणारी गुरे आणि कुत्री मात्र काही तासांत दगावू शकतात.

पाणी उकळून हे विष जात नाही, हे आधी पक्के लक्षात ठेवा. उकळताना पेशी फुटून विष पाण्यात उतरते आणि वाफ गेल्यावर ते उलट दाट होते. तुरटीने पेशी खाली बसतात, पण विरघळलेले विष तसेच राहते. साधा कँडल फिल्टरही ते अडवत नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये लाखो लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले होते. ब्राझीलच्या कारुआरूमध्ये १९९६ साली दूषित पाणी डायलिसिसला वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. म्हणून धरणात साय दिसली की कळवण्याच्या यादीत डायलिसिस केंद्रांची नावे वरती हवीत.

पुढची पद्धत चार-पाच जणांच्या गटासाठी आहे: एखाद्या कॉलेजचा पर्यावरण विभाग, प्रभागातले कार्यकर्ते, धरणकाठची ग्रामपंचायत. एक लॅपटॉप, प्रत्येकाकडे मोबाइल आणि कुणाच्या तरी घरात एक जादा फ्रीज एवढे भांडवल पुरते. घरचा, खाण्याचे पदार्थ ठेवण्याचा फ्रीज नमुन्यांसाठी वापरायचा नाही.

कुठले पाणी कशाने बघायचे

सगळीकडे एकच साधन चालत नाही आणि पहिली चूक इथेच होते. नाशिकजवळची गंगापूर, मुकणे, दारणा ही धरणे आणि खाली नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय उपग्रहातून नीट दिसतात. रामकुंड, गांधी तलाव, तपोवन, कपिला संगम, नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांच्या तोंडाशी साचलेली डबकी उपग्रहाच्या कामाची नाहीत. उपग्रहाच्या ज्या पट्ट्यावर (म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाच्या चित्रावर) आपली भिस्त आहे, त्याचा एक ठिपका २० मीटर बाय २० मीटरचा, म्हणजे साधारण चार गुंठ्यांचा असतो. शहरातल्या गोदापात्रात असे चार-दोन ठिपकेच मावतात आणि त्यांतही काठाची फरशी, झाडे, पूल मिसळतात. तिथे मोबाइल आणि माणसाचा डोळाच हवा.

नाशिककरांसाठी दुसरी अडचण पाणवेलीची. ती वरून हिरवीगार दिसते आणि उपग्रहाला चकवते. नांदूर मध्यमेश्वरच्या हिवाळी चित्रातला हिरवा डाग पाणवेल आहे की साय, याचा निकाल लावल्याशिवाय एकही संदेश पाठवू नका. ओळख कशी पटवायची ते पुढे येते.

उपग्रह: आठवड्यातून दोनदा, अर्धा तास

युरोपीय संघाचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी नाशिकवरून जातात, सकाळी अकराच्या सुमारास. चित्रे फुकट मिळतात. ब्राउझरमध्ये कोपर्निकस ब्राउझर उघडा आणि ईमेलने मोफत खाते काढा.

१. सेंटिनेल-२ चे एल-२-ए (हवेच्या परिणामाची दुरुस्ती केलेले) हे उत्पादन निवडा, ढगांची मर्यादा ३० टक्के ठेवा आणि नकाशा गंगापूर धरणावर आणा. आधी नैसर्गिक रंगातले चित्र डोळ्यांनी बघा. ढग, ढगाची सावली किंवा धुरकट पांढरेपणा पाण्यावर असेल तर ते चित्र सोडून द्या. अर्धवट चित्रावरून अंदाज बांधण्यापेक्षा पाच दिवस थांबलेले परवडते.

२. 'कस्टम' विभागात 'इंडेक्स' हा पर्याय आहे. तिथे अ च्या जागी पाचवा पट्टा (बी-०५) आणि ब च्या जागी चौथा पट्टा (बी-०४) ओढून टाका. सूत्र (अ – ब) ÷ (अ + ब) असेच राहू द्या. हा हरितद्रव्याचा निर्देशांक, एनडीसीआय. हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषते, तर दाट पेशी असलेले पाणी ७०५ च्या आसपास जास्त उजळते. हा फरक हे सूत्र पकडते.

३. रंगपट्टी उणे ०.२ ते अधिक ०.४ अशी लावा आणि ती कधीही बदलू नका. दर वेळी पट्टी बदलली तर मागच्या महिन्याशी तुलनाच उरत नाही.

४. प्रत्येक जलाशयात पाच-सहा कायमचे बिंदू ठरवून पिन मारून ठेवा: भिंतीजवळ, पाणी उचलण्याच्या विहिरीजवळ, बोटिंगच्या जागी, नदी जलाशयात शिरते तिथे आणि मधोमध. त्यांची मूल्ये तारखेसह एका शीटमध्ये लिहा. मापनाचा एखादाच आकडा काही सांगत नाही. त्याच बिंदूची मागच्या दोन महिन्यांतली चाल बघायची असते.

ढोबळ अर्थ असा: शून्याच्या खाली असेल तर फारशी काळजी नाही, ० ते ०.१ म्हणजे लक्ष ठेवा, ०.१ च्या वर गेले तर काठावर माणूस पाठवा, ०.२ च्या वर असेल तर आजच पाठवा. या आकड्यांवरून हरितद्रव्य किती मायक्रोग्रॅम आहे हे छातीठोक सांगायला जाऊ नका. एल-२-ए मधली हवेची दुरुस्ती जमिनीसाठी बेतलेली आहे, पाण्यावर ती कमी-जास्त होते. शिवाय हरितद्रव्य साध्या हिरव्या शेवाळातही असते. विष आहे की नाही हे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही.

चुका नेमक्या कुठे होतात तेही बघून ठेवा. एप्रिल ते जुलै सूर्य आपल्या डोक्याशी येतो आणि पाण्यावरून चमक थेट कॅमेऱ्यात जाते. अशा वेळी अख्खा जलाशय उजळलेला दिसतो. अकरावा पट्टा (बी-११) उघडून बघा: स्वच्छ पाणी त्यात जवळजवळ काळे असायला हवे. ते राखाडी दिसले तर चमक आहे, चित्र बाद. पाणवेलीचा निकालही हाच पट्टा लावतो. पाणवेलीची पाने पाण्याच्या वर असतात, त्यामुळे त्या जागा अकराव्या पट्ट्यात स्पष्ट उजळतात. साय पाण्याने भिजलेली असल्यामुळे तिथे बरीच काळपट राहते. सुकत आलेल्या जाड सायीबाबत मात्र हा नियम डळमळतो. आणखी एक खूण: पाणवेलीच्या डागाची कड ठळक असते, तर साय वाऱ्याच्या दिशेने धाग्याधाग्यांसारखी ओढलेली दिसते.

काठापासून दोन ठिपके, म्हणजे ४० मीटर आतपर्यंतचे आकडे धरू नका, त्यात जमीन मिसळलेली असते. पण साय साचते ती काठावरच आणि लोक उतरतात तेही काठावरच. थोडक्यात, माणसांना धोका असतो नेमका तोच पट्टा उपग्रहाला दिसत नाही. म्हणून चित्र स्वच्छ आहे एवढ्यावर घाट सुरक्षित आहे असे कधीच लिहू नका.

वाऱ्याचे हवामान-ॲप इथे फार उपयोगी पडते. गंगापूरची भिंत जलाशयाच्या पूर्वेकडे आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की मधोमध विखुरलेली साय भिंतीकडे आणि पूर्वेच्या खाचांत गोळा होते. काल उपग्रहात पातळ दिसलेला हिरवा पदर आज एका कोपऱ्यात शंभरपट दाट होऊ शकतो. माणूस पाठवताना वाऱ्याच्या पुढच्या काठावर पाठवा.

काठावर: मोबाइलचा फॉर्म

कोबो-टूलबॉक्स किंवा ओडीके यांपैकी एक फॉर्म-ॲप निवडा. दोन्ही नेट नसताना चालतात आणि रेंज आली की माहिती आपोआप वर जाते. धरणाच्या मागच्या गावांत रेंजचा भरवसा नसल्यामुळे गुगल फॉर्म तिथे अडतो. फॉर्म मराठीत करा आणि प्रश्न दहाच्या वर जाऊ देऊ नका. पंधराव्या प्रश्नाला कार्यकर्ता काहीही टिक करून मोकळा होतो.

पुरेशी यादी अशी: ठिकाण (यादीतून निवडायचे, टाइप करायचे नाही), जीपीएस (अचूकता १० मीटरच्या आत आल्यावरच स्वीकारायचा), पाण्याचा रंग, साय आहे का आणि किती पावलांपर्यंत, वारा कुठून, वास, मेलेले मासे किंवा जनावर, पाण्यात त्या वेळी माणसे किती, तीन फोटो. वेळ फॉर्म स्वतःच घेतो.

फोटोंची शिस्त महत्त्वाची. पहिला लांबून, मागे देऊळ, पूल किंवा भिंत यांसारखी ओळखता येणारी खूण घेऊन. दुसरा कमरेच्या उंचीवरून सरळ खाली, कडेला पांढरा कागद धरून. कागद नसेल तर प्रत्येक मोबाइल हिरवा रंग आपापल्या मर्जीने दाखवतो. तिसरा काडीचा (काडीची चाचणी पुढे दिली आहे). सूर्य पाठीमागे ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर त्यातले ठिकाण आणि वेळ पुसली जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा सरकारी कामांच्या फोटोंसाठी सगळे वापरतात ते जीपीएस मॅप कॅमेरा ॲप वापरा, त्यात ठिकाण चित्रावरच छापले जाते.

जायची वेळ सकाळी सात ते नऊ. या जिवांच्या पेशींत हवेचे बारीक कप्पे असतात. रात्री वारा पडला की ते वर तरंगतात आणि पहाटे साय सर्वांत दाट असते. अकरानंतर लाटांनी ती पाण्यात मिसळते आणि "काही नाही दिसलं" असा अहवाल येतो. साधे रबरी हातमोजे घाला, पाण्यात उतरू नका, फवारे उडत असतील तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा.

काडीची चाचणी: लांब काडी सायीत घालून वर काढा. केसांसारखे हिरवे धागे लोंबले तर ते बहुधा तंतुमय साधे शेवाळ. काडीला रंगाचा हात दिल्यासारखा लेप बसला तर संशय धरा. गोल इवल्या पानांचा थर असेल तर ती टिकली (डकवीड) किंवा अझोला ही तरंगती वनस्पती, फॉर्ममध्ये तसे लिहून पुढे चला.

बरणी, फ्रीज आणि प्रयोगशाळा

काचेची स्वच्छ बरणी कोपरभर खोलीवरून तीन-चतुर्थांश भरा. फक्त साय खरवडून भरली तर चाचणीत ती वरच दिसणार, मग तिचा उपयोग काय? झाकण सैल ठेवा, घट्ट लावल्यास आत वायू साठतो. न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी हिरवा थर वर जमला असेल तर नील-हरित जिवांची शक्यता मोठी. खाली बसला असेल तर बहुधा साधे शेवाळ. सगळे पाणी एकसारखे हिरवे राहिले तर निकाल लागला नाही असे समजा, कारण प्लँक्टोथ्रिक्ससारखे काही प्रकार पाण्यात मिसळून राहतात. ही चाचणी संशय वाढवू शकते. पाणी सुरक्षित असल्याचा दाखला मात्र तिच्यावरून देता येत नाही.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली १०० पट मोठे करून मोबाइलने फोटो काढला की बरेच कळते. मायक्रोसिस्टिसचे वेडेवाकडे पुंजके बारीक काळपट ठिपक्यांनी भरलेले दिसतात. ॲनाबीना मण्यांच्या माळेसारखी असते, मध्येच एखादा मोठा, फिकट मणी.

प्रयोगशाळेसाठी दोन नमुने घ्या. पेशी मोजण्यासाठीच्या बाटलीत लुगॉल आयोडीनचे थेंब टाका, रंग फिक्या कोऱ्या चहासारखा होईपर्यंत. विषाच्या तपासणीचा नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, आयोडीन न टाकता, बर्फावर ठेवून २४ तासांत पोचवा. साध्या प्लास्टिकच्या भिंतीला मायक्रोसिस्टिन हे सायीतले विष चिकटते आणि आकडा कमी येतो. पट्टीवरची झटपट चाचणी वापरत असाल तर आधी पेशी फोडण्याची पायरी चुकवू नका. जिवंत सायीत विष बहुतांशी पेशींच्या आत असते. पाणी तसेच तपासले तर पट्टी "स्वच्छ" म्हणते आणि सगळा गट निर्धास्त होतो. पेशी फोडायला नमुना तीनदा गोठवून वितळवला तरी चालतो.

सेन्सर: घाई नको

निधी मिळाला की आधी तरंगता सेन्सर विकत घेण्याची हौस असते. फायकोसायनिन (नील-हरित जिवांतले निळसर रंगद्रव्य) मोजणारा प्रोब चांगला असतो, पण महाग असतो आणि त्याच्या काचेवर आठवड्याभरात बुळबुळीत थर चढतो. थर चढला की आकडा हळूहळू वर सरकतो आणि सगळ्यांना वाटते साय वाढते आहे. पुसणारा ब्रश असलेलाच घ्या, तरी दर आठवड्याला हाताने पुसा आणि पुसण्याआधीचा व नंतरचा आकडा लिहा. गढूळ पाण्यातही तो भरकटतो. हरितद्रव्याचा प्रोब भर उन्हात कमी आकडा दाखवतो, म्हणून तुलना पहाटेच्या आकड्यांची करा.

कमी खर्चात सामू (पीएच) आणि विरघळलेला ऑक्सिजन पुरतात. दाटी झाली की दुपारी सामू ९ च्या वर चढतो, ऑक्सिजन १०० टक्क्यांपलीकडे जातो आणि पहाटे कोसळतो. हा रोजचा झोका मोठा होत गेला तर साय डोळ्यांना दिसण्याआधीच इशारा मिळतो. दर १५ मिनिटांनी नोंद ठेवा. माहिती पाठवायला लोरा (कमी विजेवर लांब पल्ल्याचे रेडिओ तंत्र) वापरायचे असेल तर भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. बाहेरच्या देशासाठी बनवलेला मॉड्यूल चुकून मागवू नका.

कुठल्या आकड्याला काय करायचे

हे साय येण्याआधी लिहून, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पाटबंधारे आणि पालिका किंवा ग्रामपंचायत यांच्याशी बसून ठरवायचे. ऐन वेळी चर्चा सुरू झाली की तीन दिवस जातात.

पिवळा: एखाद्या बिंदूचा निर्देशांक ०.१ च्या वर, किंवा फोटोसह एक तक्रार. २४ तासांत सकाळी माणूस पोचला पाहिजे.

नारिंगी: डोळ्यांना साय दिसते आणि काडी किंवा बरणीचा कौल संशयाकडे आहे. पाटी त्याच दिवशी लागते. प्रयोगशाळेची वाट बघायची नाही, अहवालाला आठवडाही लागू शकतो. पाणीपुरवठ्याच्या लोकांना त्याच तासाला फोन. त्यांना दोन गोष्टी कळवायच्या: पाणी उचलण्याची खोली बदलता येते का ते बघा, आणि धरणात मोरचूद किंवा कच्च्या पाण्यात जादा क्लोरीन टाकू नका. त्याने पेशी एकदम फुटतात आणि सगळे विष पाण्यात येते. पेशी न फोडता गाळून काढणे आणि विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कोळशाची भुकटी, हा क्रम आहे.

लाल: जनावर दगावले, माणसांना त्रास झाला, किंवा प्रयोगशाळेचे आकडे मर्यादेच्या वर आले. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक आकडे अंघोळ-पोहण्यासाठी लिटरला २४ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन, तर पिण्याच्या पाण्यात थोड्या दिवसांसाठी १२ आणि कायमसाठी १ मायक्रोग्रॅम असे आहेत. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांसाठी ३ च्या वर गेले की वेगळे पाणी द्यावे. नील-हरित जीवच बहुसंख्य असतील तर २४ मायक्रोग्रॅम हरितद्रव्यही लाल धरा. घाट बंद करण्याचा अधिकार प्रशासनाचा. गटाने नोंदी आणि फोटो द्यायचे, हुकूम सोडायचे नाहीत.

संदेश

घाबरवणारा फॉरवर्ड आणि उपयोगी सूचना यांत फरक तारखेचा, ठिकाणाचा आणि "पुढे कधी कळवू" याचा असतो. नमुना:

"सूचना, मंगळवार सकाळी ९. गंगापूर धरणाच्या बोटिंगच्या काठावर विषारी असू शकणारी हिरवी साय आढळली आहे. या काठावर पोहू नका, गुरे-कुत्री पाण्यावर नेऊ नका, इथले पाणी उकळूनही पिऊ नका. अंगाला लागल्यास स्वच्छ पाण्याने धुवा. उलट्या किंवा पुरळ आल्यास १०८, जनावर आजारी पडल्यास १९६२. नळाच्या पाण्याबद्दल पालिका वेगळे कळवेल. पुढची सूचना बुधवारी सकाळी ९ वाजता."

बुधवारी नवीन काही नसले तरी सूचना गेलीच पाहिजे, नाहीतर ती जागा अफवा घेतात. "पाणी दूषित" एवढे मोघम कधीही लिहू नका, शहरभर बाटलीबंद पाण्याच्या रांगा लागतात.

अधिकृत यंत्रणा सचेत ॲपवरून ठरावीक भागातल्या मोबाइलवर इशारा देऊ शकते. बाकी मार्ग आपले: गावाचा व्हॉट्सॲप गट, देवस्थान आणि पुरोहितांचे गट, दूध डेअरीवरचा फळा, आणि शहरात घंटागाडीचा भोंगा. घंटागाडी सकाळी दारोदार जाते, वीस सेकंदांची ध्वनिफीत तिला पुरते. घाटावरची पाटी मराठी आणि हिंदी दोन्हींत हवी. दशक्रिया विधीला आणि दर्शनाला येणाऱ्या माणसाच्या हातात त्या वेळी मोबाइल नसतो, कपडे काढून तो पायरी उतरत असतो. म्हणून पाटी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, डोळ्यांच्या उंचीवर. क्यूआर कोड खाली कोपऱ्यात चालेल, पण मुख्य मजकूर आणि चित्र त्याच्याशिवाय कळले पाहिजे.

पावसाळा आणि २०२७ चा सिंहस्थ

जून ते सप्टेंबर ढगांमुळे उपग्रहाची चित्रे क्वचितच हाती लागतात आणि सिंहस्थाची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात. वाहत्या, गढूळ पुरात साय टिकत नाही. पण पावसाने दडी मारली, वरून विसर्ग थांबला आणि कुंडात पाणी साचले, की चार-पाच दिवसांत चित्र पालटू शकते. त्या काळात विसर्गाचे रोजचे आकडे हेच तुमचे पहिले साधन. विसर्ग बंद होऊन तीन दिवस झाले की घाटांवरच्या सकाळच्या फेऱ्या रोज सुरू करा. मग ऑक्टोबरची उघडीप, वारा पडलेला, पावसाने वाहून आणलेले खत-सांडपाणी पाण्यात आणि ऊन कडक: उपग्रहाची खिडकी इथे पुन्हा उघडते, पहिल्या स्वच्छ चित्राला हलगर्जी नको.

पाटी लावणाऱ्याचे नाव ठरलेले असते, काढणाऱ्याचे नसते. आठवड्याच्या अंतराने सलग दोन नमुने मर्यादेखाली आले आणि काठावर साय नाही, तरच पाटी उतरवा. साय दिसेनाशी झाल्यावरही विष काही दिवस पाण्यात राहते, त्यामुळे पाणी निवळले म्हणून त्याच संध्याकाळी पाटी काढायची नाही. आणि साय वाळून महिना झाला तरी पायरीला चिकटलेल्या तिच्या निळसर पापुद्र्यांना हात लावू नका, गुरांना चाटू देऊ नका. फावड्याने खरवडून, मोजे घालून, पाण्यापासून लांब पुरा.